टाइप १ मधुमेह असलेली इतर माणसं भेटल्याने खरंच काही फरक पडतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय २२, आठ महिन्यांपूर्वी टाइप १ निघाला, नाशिकला नोकरी, घरच्यांशिवाय कोणालाच माहीत नाही. आपल्यासारखे बाकीचे कुठे भेटतात आणि भेटून होतं काय, शेवटी सुई तर आपली आपल्यालाच टोचायची.

शेवटचं अगदी खरं. मी २००१ पासून टोचतेय, आजवर दुसऱ्या कोणी माझ्या वाटणीची घेतलेली नाही. फरक पडतो, पण कदाचित तुम्हाला वाटतोय तो नाही. लोक भेटले म्हणून माझी एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर, काही झपकन खाली आली नाही. माझ्या बाबतीत सगळी गोष्ट एका वहीची आहे, म्हणून तिथूनच सांगते.

मी अकरा वर्षांची होते. सांगली जिल्ह्यात विट्याच्या बाजूला आमचं गाव. सारखं पाणी पिणं, रात्री चार-चार वेळा उठणं, फ्रॉक अंगात ढगळ होणं. घरच्यांना वाटलं जंत झाले असतील. मग उलट्या, पोटात कळा, आणि मिरजेत तीन दिवस आयसीयूत. शेजारच्या काकू भेटायला आल्या त्या विचारत, "गोड फार खायची का हो ही?" आईने त्याच दिवशी साखरेचा डबा माळ्यावर टाकला. (शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारते, गोड खाण्याशी त्याचा काही संबंध नाही, हे तुम्हाला एव्हाना पाठ झालं असेल. लोकांना सांगून कंटाळाही आला असेल.)

गावात 'शुगर' असलेले पुष्कळ होते, पण सगळे साठीचे आणि गोळ्यांवरचे, म्हणजे टाइप २ चे. बाबा क्रिकेटवेडे. त्यांनी शोधशोध शोधून मला माझ्यासारखा एक माणूस आणून दिला, वसीम अक्रम. १९९७ मध्ये, खेळ ऐन भरात असताना त्याला टाइप १ निघाला आणि इन्सुलिन घेत तो पुढेही खेळत राहिला. म्हणजे मराठी शाळेत जाणाऱ्या एका पोरीचा या जगातला एकमेव भाऊबंद कोण, तर पाकिस्तानचा डावखुरा गोलंदाज! २००३ च्या विश्वचषकात सेंच्युरियनला सचिनने त्यांना धुतलं, ९८ काढले, गल्लीत फटाके वाजले. मीही नाचले. पण मनात एक किडा वळवळत होता: याने मॅचआधी शुगर बघितली असेल ना? लो तर नसेल झाला, म्हणजे शुगर फार खाली तर नसेल गेली?

आता वही. दर दोन महिन्यांनी मिरजेला डॉक्टरांकडे जायचं आणि रोजचे आकडे लिहिलेली वही दाखवायची. डॉक्टर चांगले होते, कधी ओरडले नाहीत. पण २८० दिसलं की ते आईकडे बघायचे आणि आई माझ्याकडे. परतीच्या एसटीत ती खिडकीबाहेर बघत बसायची. तेवढं मला पुरायचं. मग मी जायच्या आदल्या रात्री वही 'तयार' करायला लागले. थोडे आकडे निळ्या पेनने, थोडे काळ्या. एखादं पान चहाने डागाळलेलं. सगळेच आकडे ११० ते १५० मध्ये ठेवले तर संशय येतो, म्हणून मधूनच एक १९२. तेराव्या वर्षी या कामात माझा हात धरणारं कोणी नव्हतं.

त्याच वर्षी नाताळच्या सुट्टीत पन्हाळ्यावर टाइप १ च्या मुलांचं तीन दिवसांचं शिबिर होतं. मला जायचं नव्हतं. आजारी पोरांची जत्रा बघायला कोण जाईल? बाबांनी जवळजवळ ढकलतच नेलं.

पहिल्या रात्री झुणका-भाकरीच्या पंगतीआधी पंचवीस-तीस पोरं ओळीने बसून पोटाला, मांडीला सुई लावत होती. एकाने दुसऱ्याला विचारलं, "किती?" तो म्हणाला, "आठ, तुझं?" जसं शाळेत गणिताचे मार्क विचारावेत. कोणी भिंतीकडे तोंड केलं नाही. तोवर लग्नाकार्यात मी लोकांच्या बाथरूममध्ये कडी लावून टोचत आले होते.

दुसऱ्या दिवशी वह्या काढायला सांगितल्या. शिकवायला पुण्याची एक ताई आली होती, तिला स्वतःला आठव्या वर्षापासून टाइप १. तिने विचारलं, "यात खोटे आकडे कोणी कोणी लिहिलेत?" सगळे चिडीचूप. मग तिने स्वतःचाच हात वर केला. हळूहळू एक, दोन, पाच, आणि मग जवळजवळ सगळे. त्यानंतर जे सुरू झालं त्याला चोरांचं संमेलनच म्हणायला हवं! प्रत्येकाची युक्ती वेगळी. इचलकरंजीच्या एका पोराने तर कमाल केली होती. तो धाकट्या भावाचं बोट टोचायचा, टोचणीमागे आठ आणे देऊन. म्हणजे मशीनच्या मेमरीतसुद्धा आकडे खरेच, फक्त भावाचे. आम्ही हसून हसून लोळलो.

ताईही हसली. मग माझी वही हातात घेऊन म्हणाली, "छान जमलीये. पण डॉक्टर डोस कोणाचा ठरवतात? या वहीतल्या मुलीचा. तिची शुगर १३०. आणि सुई घेतेस तू."

या वाक्याने माझं आयुष्य बदललं वगैरे म्हणणार नाही. दिवसभर अंबारखाना, तीन दरवाजा असं पायी हुंदडल्यामुळे मी त्या रात्री मेल्यासारखी झोपले. दोन वाजता ताईने उठवून बोट टोचलं तर ५८. भरपूर चाललं की लो कधी कधी पार रात्री येतो, हे मला तेव्हा कळलं. पाण्यात कालवलेलं ग्लुकोज घेऊन व्हरांड्यात आले, तर तिथे आणखी पाच जण घोंगड्या गुंडाळून तेच पीत बसलेले. प्यायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, परत तपासायचं, हा नियम. घरी ती पंधरा मिनिटं म्हणजे देवापुढे दिवा लावून माझ्या तोंडाकडे बघत बसलेली आई. इथे गावांच्या नावांच्या भेंड्या चालल्या होत्या. 'ळ' वर गाडी अडली आणि तोवर माझी शुगर ९६ झाली होती. तुम्ही विचारताय तो फरक मला त्या व्हरांड्यात पडला.

शेवटच्या दिवशी ताईने इन्सुलिन मिळालेल्या पहिल्या पेशंटची, लिओनार्ड थॉम्पसनची गोष्ट सांगितली. त्याआधी हा आजार म्हणजे उपाशी ठेवून मरण थोडं लांबवणं, एवढंच डॉक्टरांच्या हातात होतं. टोरांटोचा हा पोरगा चौदा वर्षांचा, वजन जेमतेम २९ किलो. ११ जानेवारी १९२२ ला त्याला इन्सुलिनची पहिली सुई दिली, ती मानवली नाही, टोचलं तिथे गळू झालं. मग जेम्स कॉलिप यांनी अर्क आणखी शुद्ध केला, बारा दिवसांनी पुन्हा टोचला आणि त्या पोराची साखर उतरली. पुढे तो तेरा वर्षं जगला. बाकी मुलं इन्सुलिन शोधणाऱ्या बँटिंग-बेस्टबद्दल विचारत होती. इचलकरंजीकर मात्र शर्ट वर करून सारखं टोचून आलेली आपल्या पोटावरची गाठ दाखवत म्हणाला, "म्हणजे त्याला पण?" त्याचा चेहरा मी विसरलेले नाही. १४ नोव्हेंबरला शाळेत आम्ही बालदिनाच्या गोळ्या खायचो, किंवा मी न खाता दप्तरात टाकायचे. तो दिवस बँटिंगच्या वाढदिवसाचाही आहे आणि त्यासाठीच तो जागतिक मधुमेह दिन, हेही तिथेच कळलं.

फेब्रुवारीत मिरजेला खरी वही नेली. ३१०, ५४, २७५, सगळं. डॉक्टर बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हं, आता काहीतरी करता येईल." रात्रीचा डोस बदलला, सकाळचा बदलला. परतीच्या एसटीत आईने विचारलं, "म्हणजे आधीचं सगळं...?" मी मान हलवली. तासगाव स्टँडपर्यंत ती बोलली नाही. तिथे खाली उतरून द्राक्षं घेऊन आली आणि माझ्या हातात देत म्हणाली, "मोजून खा."

यानंतर मी शहाणी झाले असं समजू नका. कॉलेजात होस्टेलला असताना दोन वर्षं मी पुन्हा लपवाछपवी केली, कोणाच्या संपर्कात राहिले नाही. पुण्यात नोकरीला लागल्यावर ओळखीच्या काकांनी हौसेने एका मधुमेही मंडळात नेलं. सरासरी वय पासष्ट. त्यांनी मला मेथ्या, कारल्याचा रस आणि "रोज चालत जा, एक दिवस इन्सुलिन सुटेल" असा आशीर्वाद दिला. माणसं प्रेमळ होती, पण त्यांचं दुखणं वेगळं, माझं वेगळं. आपल्याला टाइप १ चीच माणसं लागतात, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

ती सापडली ती दवाखान्याच्या बाकावर. शेजारच्या मुलीने पर्समधून इन्सुलिनचं पेन काढलं, मी माझं काढलं, ओळख झाली. तिने मला एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घेतलं. लग्नाचं बघायला सुरुवात झाली तेव्हा याच मुलीने माझ्याकडून तालीम करून घेतली: पहिल्या भेटीतच सांगायचं, घाबऱ्या आवाजात नाही, माफी मागितल्यासारखं तर मुळीच नाही. आणि कांदेपोह्याच्या कार्यक्रमात कांदेपोहे खायचे असतील तर इन्सुलिन आधी घ्यावंच लागतं, त्यामुळे विषय आपोआप निघतो. चार स्थळांनी नंतर फोन उचलला नाही. पाचव्याने विचारलं, "पोह्यांना किती युनिट?" त्याच्याशी लग्न केलं.

एकदा महाराष्ट्र एक्स्प्रेसने नागपूरला निघाले होते. पुण्यात उतरलेल्या बाईंनी चुकून माझी पिशवी नेली, आत सगळं इन्सुलिन. दौंड गेल्यावर लक्षात आलं. मध्यरात्री ग्रुपवर लिहिलं आणि पहाटे मनमाडला एक गृहस्थ प्लॅटफॉर्मवर थर्मास घेऊन उभे, त्यांच्या मुलाला टाइप १. त्यांनी बाटली आणली होती ४० ची, म्हणजे एका मिलीत ४० युनिट, माझं पेन १०० चं. पण हा माणूस लाल टोपीची, ४० चीच सिरिंज बरोबर घेऊन आला होता. चुकून १०० ची वापरली तर डोस निम्म्याहूनही कमी जातो. हे न सांगता ज्याच्या लक्षात येतं, त्याला मी आपलं माणूस म्हणते. गाडी सुटेपर्यंत आम्ही फक्त तेवढंच बोललो, नाव विचारायचं राहून गेलं.

आता जरा नावडतं. सगळे ग्रुप चांगले नसतात. काही ठिकाणी रोज सकाळी अंगावर लावून शुगर मोजणाऱ्या सेन्सरचे सरळ रेषेसारखे आलेख टाकण्याची स्पर्धा चालते. तिथे वहीतल्या मुली पुन्हा जन्माला येतात. काही ठिकाणी 'इन्सुलिनमुक्त' करणारे हळूच घुसतात. अशा एका महाराजांच्या काढ्यापायी आमच्या ओळखीच्या घरात मुलाचं इन्सुलिन दोन दिवस बंद ठेवलं होतं, पोरगा थेट आयसीयूत गेला. असा कोणी दिसला की वाद घालत बसू नका, ग्रुप सोडा. डोसही ग्रुपवर विचारून बदलू नका. साबुदाण्याची खिचडी तुमची शुगर किती चढवते हे तुमच्याच बोटाला ठाऊक.

माणसं शोधायला: नागपूरला डॉ. शरद पेंडसे यांनी सुरू केलेला ड्रीम ट्रस्ट, छत्रपती संभाजीनगरला डॉ. अर्चना सारडा यांची 'उडान', मुंबईत जुव्हेनाइल डायबिटीस फाउंडेशन, शिवाय ब्लू सर्कल डायबिटीस फाउंडेशन आणि अहमदाबादची डायबेस्टीज. शेवटच्या दोन्ही संस्था टाइप १ सोबत जगणाऱ्या मुलींनीच उभ्या केल्यात आणि त्यांच्याशी घरबसल्या जोडून घेता येतं. नाशिकमध्ये तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारा, "तुमच्याकडे माझ्या वयाचं टाइप १ चं आणखी कोणी येतं का? त्यांना माझा नंबर द्याल?" नंबर त्यांचा मागायचा नाही, आपला द्यायचा.

आणि त्याआधी, याच आठवड्यात, ऑफिसात निदान एकाला सांगा. ग्लुकोज कुठल्या खणात आहे, मी घामाघूम होऊन बरळायला लागलो तर काय करायचं, गिळता येत नसेल तर तोंडात काही न घालता दवाखान्यात न्यायचं. हे माणसं जोडण्यासाठी नाही, जिवासाठी.

काल रात्री नणंदेच्या साखरपुड्याला बासुंदी होती. अंदाजाने इन्सुलिन घेतलं, अंदाज चुकला, सकाळी २४३. ग्रुपवर टाकलं. मनमाडच्या बाजूचं कोणीतरी लिहितं, "माझे २६१. पुरणपोळी." मग मी दुरुस्तीचा डोस घेतला, चहा केला आणि तुमचा प्रश्न वाचला.