दहाला नेट बंद, तरी पोरगा बाराला ऑनलाइन!

प्रश्न : मुलगा नववीत आहे. राउटरमध्ये त्याच्या फोनला रात्री दहा ते सकाळी सहा नेट बंद ठेवलंय. आठवडाभर नीट चाललं, आता पुन्हा रात्री बाराला ऑनलाइन दिसतो. फोनमध्ये सिमही नाही. राउटर बिघडला का?
– एक पालक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : राउटर ठणठणीत आहे, पोरगा हुशार आहे. राउटर फोनला ओळखतो ते त्याच्या वायफायच्या ओळख-क्रमांकावरून, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेसवरून. अँड्रॉइड १० पासून फोन मूळचा मॅक लपवून प्रत्येक वायफायला वेगळा, बनवलेला मॅक देतो. त्या वायफायच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये जाऊन 'रँडमाइज्ड मॅक'च्या जागी 'फोन मॅक' निवडला, की राउटरला तो नवाच फोन वाटतो. तुमची बंदी जुन्या पत्त्यावर तशीच पडून राहते. वर्गात एकाला हे कळलं की सगळ्यांना कळतं.

म्हणून एकेका फोनवर बंदी घालत बसू नका, उलटं करा. राउटरखालच्या स्टिकरवर राउटरचा स्वतःचा पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. तो ब्राउझरमध्ये टाका, आत जाऊन आधी अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला. तो स्टिकरवरचाच राहिला तर पुढचं सगळं फुकट. मग अ‍ॅक्सेस कंट्रोलमध्ये ब्लॅकलिस्टऐवजी व्हाइटलिस्ट निवडा. यादीत असेल त्यालाच नेट. मुलाच्या फोनचा एकच मॅक त्यात घाला आणि वेळेचं बंधन त्यावर लावा. मॅक बदलला तर नेट दिवसाही जाईल.

सेव्ह करण्याआधी तुमचा स्वतःचा फोन यादीत आहे ना, ते बघा. नाहीतर तुम्हीच बाहेर. तसं झालंच तर लॅपटॉप केबलने जोडून पाहा. टाचणी घेऊन रीसेट करायला जाऊ नका. फायबरवाल्याने भरलेलं युजरनेम-पासवर्डही पुसलं जातं, आणि त्याचा माणूस येईपर्यंत घरात कुणालाच नेट नाही.

राउटरचं घड्याळही तपासा. टाइम झोन जीएमटी +५:३० नसेल आणि नुसता जीएमटी असेल, तर दहाची बंदी आपल्याकडे पहाटे साडेतीनला लागते. लाइट जाऊन आल्यावर राउटर वेळ नेटवरून नव्याने घेतो, तोवर नियमही चुकीच्या वेळेला लागू शकतात.

काही राउटरमध्ये यादी आणि वेळ दोन्ही एकत्र बसत नाही. मग मुख्य वायफायचा पासवर्ड बदला, मुलाला फक्त गेस्ट वायफाय (त्याच राउटरचं पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय) द्या आणि ते दहाला बंद करा. पुढे फोनमध्ये सिम आलं की हा सगळा खटाटोप निरुपयोगी. त्या दिवशी गुगलचं पालकांसाठीचं 'फॅमिली लिंक' अ‍ॅप लावून 'डाउनटाइम' ठरवा. ते थेट फोनलाच कुलूप लावतं, नेट कुठूनही येवो.

प्रश्न : मी निवृत्त. दुपारी एक कीर्तन लावतो आणि पाच कधी वाजतात कळत नाही. नातवाने यूट्यूबला तासाचा टायमर लावून दिला, पण तो मीच काढून टाकतो.
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : ज्याच्यावर पहारा, त्याच्याच हातात किल्ली, टायमर टिकणार कसा? त्यापेक्षा पुढचं ताट वाढलंच जाणार नाही असं करा. यूट्यूबच्या सेटिंग्जमध्ये 'ऑटोप्ले' बंद करा. मग 'वॉच हिस्टरी' बंद करून आधीची सगळी पुसा. नुसती बंद करून भागत नाही, जुनी हिस्टरी असेपर्यंत शिफारशी येत राहतात. पुसल्यावर होम पान रिकामं होतं. हवं ते नाव टाकून शोधायचं, नाहीतर सबस्क्रिप्शनमधून उघडायचं. सबस्क्रिप्शन मात्र मोजकीच ठेवा, आणि नोटिफिकेशन सगळी बंद.

त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' जेमतेम चाळीस मिनिटांचा होता. संपला की लोक उठून घरी जात. तुमचं कीर्तनही संपतंच, फक्त संपल्यावर काही आपोआप सुरू होता कामा नये. फोनऐवजी टीव्हीवर लावत असाल तर ऑटोप्ले तिथे वेगळा बंद करावा लागतो. हे हमखास राहून जातं.

प्रश्न : मुलीचे डोळे चुरचुरतात. दुकानदार स्क्रीनचा निळा प्रकाश अडवणारा ब्लू लाइटचा चष्मा घ्या म्हणतो. घ्यावा का?
– गंगापूर रोड

उत्तर : नको. वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात अशा काचांनी डोळ्यांचा थकवा कमी होतो असं काही आढळलं नाही. स्क्रीनकडे बघताना पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात म्हणून चुरचुरतात. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद, वीस फुटांपलीकडचं काहीतरी बघायला लावा. घरात एवढं अंतर मिळत नसेल तर गॅलरीत उभं करा. पंखा किंवा एसीचा झोत तोंडावर नको. लांबचं दिसण्याचा नंबर लागू नये यासाठी रोज दोनेक तास दिवसाउजेडी घराबाहेर खेळणं उपयोगी पडतं, चष्म्याचे पैसे सायकलीला लावा. डोकं दुखत असेल किंवा फळ्यावरचं दिसत नसेल तर मात्र दुकानात नाही, नेत्रतज्ज्ञाकडे जा.