झाडांना टांगायचा तंबू घ्यावा का? फायदे-तोटे काय आहेत?

तुम्ही लिहिलंय की बायको आणि आठ वर्षांच्या मुलीला घेऊन वर्षातून चार-पाचदा सह्याद्रीत, कोकणात मुक्कामाला जाता. जुना तंबू फाटलाय, म्हणून आता तीन झाडांमध्ये टांगायचा घ्यावा का, असा प्रश्न आहे. आम्ही तिघा मित्रांनी मिळून असा तंबू घेतला, त्याला तीन वर्षं झाली. त्या अनुभवावरून सांगतो.

आधी सुखाचं सांगतो, कारण ते खरंच मोठं आहे. पहिल्यांदा आम्ही तो भंडारदऱ्याच्या बाजूला एका शेतकऱ्याच्या जागेत ऑक्टोबरमध्ये लावला. जमीन ओली, उतार चांगलाच, त्यात दगड. साध्या तंबूत रात्रभर घसरत खाली गेलो असतो. इथे खाली काय आहे याच्याशी झोपेचा संबंधच उरला नाही. विंचू, मुंग्या, फुरसं यांची धास्तीही बरीच कमी होते. सॅक आणि बूट तंबूच्या पोटाखाली कोरडे राहतात. मे महिन्यात कोकणात तर खालून येणाऱ्या वाऱ्यामुळे जीव निवतो.

पण तोच वारा डिसेंबरात वैरी होतो. अंगाखाली स्लीपिंग बॅगचा कापूस दबून पातळ होतो, त्यात हवा राहत नाही, आणि थंडी थेट पाठीला भिडते. जमिनीवर एक कॅरीमॅट, म्हणजे अंगाखाली अंथरायची फोमची चटई, पुरते. टांगलेल्या तंबूत मी दोन घेतो, मुलीसाठी तर नक्कीच घ्या.

खरा प्रश्न झाडांचा आहे. हव्या त्या अंतरावर, त्रिकोणात उभी असलेली तीन निरोगी झाडं लागतात. गडमाथ्यावर आणि सड्यांवर ती बहुतेक वेळा मिळतच नाहीत. शिवाय तंबू झाडांना ताणून बांधायच्या पट्ट्यांसकट आमचं ओझं 9 किलोच्या आसपास जातं, साधा तंबू 3 किलोत भागतो. म्हणजे चढाईच्या ट्रेकला हा तंबू विसराच. गाडी जिथवर जाते तिथला, वाडीतला, बागेतला हा तंबू आहे. बागेतही आधी अंतर बघा. आंब्याची जुनी कलमं साधारण 10 मीटरवर लावलेली असतात. आम्हाला मूळचे पट्टे अपुरे पडले, जादा घ्यावे लागले.

झाडावर किती ओढ बसते, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तुम्हा तिघांचं वजन 150 किलो धरा. ओझं सारखं वाटलं गेलं तर प्रत्येक झाडावर 50 किलो, असं वाटतं ना? तसं नाही. पट्टा जवळजवळ आडवा असतो, त्यामुळे ओढ कितीतरी पट वाढते. पट्टा आडव्या रेषेशी 10 अंशांचा कोन करत असेल तर प्रत्येक झाडाला सुमारे 290 किलोची ओढ बसते. तळ सपाट व्हावा म्हणून रॅचेट आवळत तो कोन 5 अंशांवर आणलात, तर 570 किलोच्या वर. रॅचेट म्हणजे ट्रकवरचा माल आवळायला वापरतात तेच. हाताला जोर लागत नाही, म्हणून माणूस आवळतच जातो. थोडा झोळ राहू द्या. मग झोपेत सगळे मधल्या बाजूला सरकतात, एकाने कूस बदलली की बाकीचे हलतात. हे सोसायचं, झाड उपटायचं नाही.

झाड निवडताना जागेच्या मालकाला सोबत घ्या. एका वाडीत आम्ही चांगला जाडजूड आंबा निवडला होता. तिथल्या आजोबांनी बुंध्यापाशी पडलेला लाकडाचा भुसा बोटावर घेऊन दाखवला. ‘ह्याला भिरूड लागलाय, आतून पोकळ असेल,’ म्हणाले. भिरूड म्हणजे खोड पोखरणारी अळी. आम्हाला तो भुसा दिसलाच नव्हता. शेवगा, पांगारा ही झाडं ठिसूळ, ती सोडा. नारळाखाली कधीच नको, नारळ किंवा झावळी डोक्यावर पडली तर माणूस दगावतो. फणसाखाली फळं धरलेली असताना नको. वर मोहोळ आहे का, तेही उजेडात बघून घ्या. देवराईत बांधायचाच नाही, आणि अभयारण्यात वन खात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम नाही.

पट्टा रुंदच हवा, बारीक दोरी नको. झाडाचं अन्न सालीच्या आतल्या थरातून खाली जातं, दोरी तिथेच रुतते. मी पट्ट्याखाली गोणपाटाची घडी घालतो.

आता पाऊस. आमचा दुसरा मुक्काम याच्यामुळे वाया गेला. छत उत्तम होतं, पण बुंध्यावरून ओघळणारं पाणी पट्ट्यावरून चालत थेट आत आलं आणि पहाटे पायाखालची बॅग चिंब झाली. उपाय साधा निघाला. तंबूच्या थोडं अलीकडे पट्ट्याला सुतळीचा तुकडा बांधून टोक लोंबतं सोडायचं, पाणी तिथूनच ठिबकून जातं. विजांचं मात्र वेगळं. वळवाच्या पावसात, म्हणजे नेमके लोक काजवे बघायला जातात त्या दिवसांत, गडगडाट सुरू झाला की झाडाखाली थांबणं जिवावर बेतू शकतं. वीज चमकल्यावर 30 सेकंदांच्या आत आवाज आला तर मुलीला उचलून गाडीत किंवा पक्क्या घरात जा. काजव्यांसाठी जाणार असाल तर हा तंबू नेऊच नका. हिरडा, जांभूळ, सादडा अशा झाडांवरच ते बसतात, आपले पट्टे आणि टॉर्च त्यांच्यात नकोत.

माझं मत विचाराल तर तुमच्यासाठी एकुलता एक तंबू म्हणून हा नको. आधी साधा, चांगला, तिघांचा तंबू घ्या. हा कुणाकडून तरी भाड्याने किंवा मागून आणा आणि ओळखीच्या बागेत एक रात्र राहून बघा. तळ कंबरेच्या वर जाऊ देऊ नका. आमच्यातल्या एकाचा मुलगा अर्धवट झोपेत लघवीला उतरताना पाय चुकून पडला होता. उंची गुडघ्याइतकीच होती, म्हणून खरचटण्यावर निभावलं. तेव्हापासून आम्ही दाराखाली एक सॅक पायरीसारखी आडवी ठेवतो आणि हेडटॉर्च दाराच्या चेनलाच अडकवून झोपतो.