साधा सीटी झाला, मग पुन्हा कॉन्ट्रास्टचा कशाला?

प्रश्न : वडिलांचा मुतखड्यासाठी साधा सीटी स्कॅन झाला, त्यात यकृतात गाठ दिसली. आता डॉक्टरांनी कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये रक्तपुरवठा उजळ दाखवणारं, शिरेतून द्यायचं औषध) देऊन ‘ट्रिपल फेज’, म्हणजे तीन टप्प्यांचा, सीटी सांगितला आहे. त्यांना मधुमेह आहे, मेटफॉर्मिन चालू आहे. पुन्हा स्कॅन कशाला? कॉन्ट्रास्टच्या औषधाने किडनी बिघडेल का?

उत्तर : हा स्कॅन टाळू नका. सीटीत घनता हाऊन्सफील्ड एककात मोजतात : पाणी ०, हवा उणे १०००, निरोगी यकृत साधारण ५० ते ६०. खड्याचा आकडा कित्येक शेकड्यांत जातो, म्हणून तो कॉन्ट्रास्टशिवायही लख्ख दिसतो. यकृतातल्या गाठीचा आकडा बऱ्याचदा शेजारच्या भागाच्या जवळपासच असतो. गाठ आहे एवढं कळतं, कसली ते नाही.

ते कळतं रक्तपुरवठ्यावरून. यकृताला सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून मिळतं, बाकीचं धमनीतून. यकृतातच उद्भवणारा कर्करोग मात्र मुख्यतः धमनीवर पोसतो. त्यामुळे तो कॉन्ट्रास्टच्या इंजेक्शननंतर ३५ सेकंदांच्या सुमारास उजळतो आणि पुढे भोवतालच्या यकृतापेक्षा फिका पडतो. हिमॅन्जिओमा ही निरुपद्रवी गाठ कडेकडून आत सावकाश भरत जाते. म्हणून साधारण ३५ सेकंद, ७० सेकंद आणि ३ ते ५ मिनिटं असे तीन टप्पे.

पहिला टप्पा हुकला तर निदानच अडतं. औषध सेकंदाला ४ ते ५ मिलिलिटर वेगाने जावं लागतं. हाताच्या पाठीवरच्या २४ गेजच्या बारीक सुईतून ते जात नाही. कोपराच्या खळगीत १८ किंवा २० गेजची जाड कॅन्युला (शिरेत ठेवायची नळी) लावायला सांगा. श्वास तिन्ही वेळा सारखाच रोखायचा, नाहीतर लहान गाठ जागा बदलते. औषध जाताना अंगभर ऊब पसरते, लघवी झाल्यासारखं वाटतं; ते मिनिटभरात ओसरतं. पण सुईपाशी आग किंवा सूज जाणवली तर लगेच ओरडून सांगायचं.

किडनीसाठी आधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासून ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते त्याचा आकडा, काढतात. तो ३० च्या वर असेल आणि किडनीला अचानक इजा झालेली नसेल, तर धोका कमी असतो आणि मेटफॉर्मिन सहसा थांबवावं लागत नाही. ३० च्या खाली असेल तर स्कॅनपासून ४८ तास बंद ठेवून, क्रिएटिनिन पुन्हा पाहून सुरू करतात. गोळी स्वतःहून बंद करू नका. उपाशी राहायला सांगितलं तर साखरेच्या गोळ्या-इन्सुलिनचं काय करायचं, तेही विचारा. डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलं नसेल तर स्कॅननंतर भरपूर पाणी द्या. पूर्वी कॉन्ट्रास्टची ॲलर्जी आली असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा.

जुन्या स्कॅनची नुसती फिल्म नको, सीडीही न्या. फिल्मवरची छटा बदलता येत नाही, सीडीवर येते.