'टीकाखोर' चालेल का?

लातूरच्या एका वाचकाची विचारणा अशी: दैनिकात एका गीतकाराच्या अल्बमवर झोड उठवणारं परीक्षण आलं. गीतकार भडकला आणि जाहीर उत्तरात त्याने लिहिलं, 'तुम्ही समीक्षक नाही, टीकाखोर आहात. माझ्या गाण्यांची खरडपट्टी काढलीत, आता मी तुमचा समाचार घेतो.' यातला 'टीकाखोर' शुद्ध आहे का?

शुद्ध आहे. 'टीका' संस्कृत, 'खोर' फारसी, म्हणजे खाणारा. असा संकर मराठीला नवा नाही आणि १९४८ पर्यंत उर्दू राजभाषा असलेल्या मराठवाड्याला तर मुळीच नाही. लाचखोर खरोखर लाच खातो. भांडखोर काही खात नाही, त्याला फक्त खोड असते. 'टीकाखोर' या दुसऱ्या जातीचा. गीतकाराची अडचण इथेच आहे. 'खोर' लावला की सवय सिद्ध करावी लागते. त्या समीक्षकाची आणखी दोन-चार परीक्षणं दाखवता आली तर शब्द बसेल. एकाच लेखावर राग असेल तर 'आकसाने लिहिलेलं', 'एकांगी' असं लेखालाच म्हणावं. ते खोडून काढणं समोरच्याला जड जातं.

'टीका' मुळात निंदा नव्हेच. टीका म्हणजे ग्रंथाचा अर्थ उलगडणारं विवरण. पैठणजवळच्या आपेगावचे ज्ञानेश्वर शके १२१२ मध्ये 'टीका केली ज्ञानेश्वरें' म्हणतात, ते गीतेला नावं ठेवली म्हणून नव्हे! म्हणून 'टीकाकार' आजही मानाचा शब्द आहे. डंख सगळा 'खोर'मध्ये. गंमत म्हणजे वर्तमानपत्रात छापून येतं ते 'परीक्षण', पण लिहिणारा 'परीक्षक' नसतो, 'समीक्षक' असतो. परीक्षक गाण्याच्या स्पर्धेत बसतो.

खरी चूक 'खरडपट्टी'त आहे. खरडपट्टी माणसाची काढतात, तीही बहुधा वरच्याने खालच्याची: साहेब कारकुनाची, मास्तर पोराची. गाण्यांची खरडपट्टी निघत नाही, आणि 'माझी काढलीत' म्हटलं तर गीतकार आपणहून खालच्या पायरीवर जाऊन बसतो. गाण्यांचे वाभाडे काढतात, चिरफाड करतात. 'वाभाडे' अनेकवचनीच, 'वाभाडं काढलं' कानाला खटकतं.

'समाचार घेतो' चपखल आहे. आजाऱ्याचाही समाचार घेतात आणि उद्दामाचाही. कुठला ते संदर्भावरून कळतं, आणि इथे कळायला वेळ लागत नाही.

जाता जाता: टीका, टीकेला, टीकाखोर, सगळीकडे 'टी' दीर्घ. ऱ्हस्व 'टिका' म्हणजे टिकून राहा. रागाच्या भरात 'टिकाखोर' छापलं गेलं, तर पुढच्या रविवारी समीक्षक गाणी बाजूला ठेवून वेलांटीवरच लेख लिहील.