पॅरिसचा म्युझियम पास : घ्यावा की नको?

प्रश्न : मे महिन्यात आम्ही चौघं तीन दिवसांसाठी पॅरिसला जात आहोत. मुलं ११ आणि १५ वर्षांची आहेत. चौघांसाठी पॅरिस म्युझियम पास घ्यावा का? (एक वाचक, नाशिक)

एकाच पासवर अनेक संग्रहालयं आणि स्मारकं पाहता येतात, असा हा पास. चौघांसाठी मुळीच नको. लूव्र, ओर्से आणि ओरांजरी ही संग्रहालयं, व्हर्सायचा राजवाडा, सेंट-शापेल हे जुनं चर्च आणि आर्क द त्रियोंफ ही विजय कमान, इथे १८ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत आहे, मग ती कुठल्याही देशाची असोत. वयाच्या पुराव्यासाठी पासपोर्ट जवळ ठेवा. मात्र जिथे आधी वेळ ठरवावी लागते तिथे मुलांचंही शून्य युरोचं तिकीट काढून ठेवा. ते राहिलं, तर तुमचा स्लॉट असूनही मुलं दाराशीच अडतात.

राहिले तुम्ही दोघं. पास ४८, ९६ किंवा १४४ तासांचा मिळतो. पहिल्या ठिकाणी स्कॅन झाल्यापासून तास सलग मोजले जातात. बुधवारी दुपारी दोनला सुरुवात केलीत, तर तो शुक्रवारी दुपारी दोनपर्यंत चालतो, म्हणजे ४८ तासांत तीन तारखा पदरात पडतात. बुधवारी आणि शुक्रवारी लूव्र रात्री नऊपर्यंत उघडं असतं, ओर्से गुरुवारी पावणेदहापर्यंत. पासची खरी कमाई या संध्याकाळींमध्ये आहे.

आता हिशेब. पास नसतानाही जी ठिकाणं तुम्ही नक्की पाहिली असती, तेवढीच कागदावर मांडा. ‘पासमध्ये आहे म्हणून जाऊ’ अशी ठिकाणं धरली की बेरीज फुगते आणि पाय दुखतात. जानेवारी २०२६ पासून युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरच्या (म्हणजे आपल्यासारख्या) पर्यटकांना लूव्रचं तिकीट ३२ युरो झालं आहे. ओर्सेचे साधारण १६ आणि ओरांजरीचे साडेबारा धरले, तर साडेसाठ युरो होतात. पासच्या अधिकृत संकेतस्थळावरच्या आजच्या किमतीतून ते वजा करा. उरलेली रक्कम सेंट-शापेल आणि आर्कच्या तिकिटांतून निघत असेल तर पास घ्या, नाहीतर सुटी तिकिटं बरी. व्हर्सायचं तिकीट महाग असल्याने बेरीज पटकन वाढते, पण तिथे जवळजवळ अख्खा दिवस जातो, हे विसरू नका.

प्रश्न : पास असला की रांग टळते ना? (एक वाचक, ठाणे)

तिकिटाची रांग टळते, सुरक्षा तपासणीची टळत नाही. सेंट-शापेल न्यायालयाच्या आवारात असल्याने तिथली तपासणी कडक असते. फळं कापायची सुरी, कात्री, काचेची बाटली हॉटेलवरच ठेवा.

सर्वांत जास्त घोटाळा स्लॉटमध्ये होतो. लूव्र, व्हर्साय, सेंट-शापेल आणि ओरांजरी इथे पास असला तरी वेळ आरक्षित करावी लागते. ती त्या-त्या ठिकाणच्या संकेतस्थळावर, पासधारकांसाठीच्या पर्यायातून करायची. त्यामुळे क्रम असा ठेवा : आधी हव्या त्या तारखांना स्लॉट शिल्लक आहेत का ते पाहा, मगच पासचे पैसे भरा. स्लॉट संपल्यावर घेतलेला पास असून नसल्यासारखा.

मंगळवारी लूव्र आणि ओरांजरी बंद, सोमवारी ओर्से आणि व्हर्साय बंद. मेमध्ये जाणाऱ्यांनी १ मे टाळा, त्या दिवशी ही मोठी संग्रहालयं बंद असतात. आयफेल टॉवर, सीन नदीतली बोट आणि मेट्रो पासमध्ये येत नाहीत. नोत्र-दामच्या चर्चमध्ये प्रवेश तसाही मोफत आहे. व्हर्सायच्या बागेत कारंज्यांच्या कार्यक्रमाच्या दिवशी वेगळं तिकीट लागतं.

प्रश्न : आईबाबा सत्तरीचे आहेत. त्यांच्यासाठी? (एक वाचक, सांगली)

नका घेऊ. त्यांना दिवसाला एकच संग्रहालय झेपेल, आणि सलग तासांचा पास त्यांना नाहक पळवेल. लूव्रला ज्येष्ठांची सवलत नाही, तेव्हा पूर्ण तिकीट धरूनच चाला. आर्कच्या गच्चीवर जायला २८४ पायऱ्या आहेत. गुडघे दुखत असतील तर तिथली लिफ्ट त्या दिवशी चालू आहे का, ते तिकीट काढण्याआधी विचारून घ्या.