जीवात्मा आणि परमात्मा एकच की वेगळे?

थोडक्यात सांगायचं तर, कोणाला विचारता त्यावर उत्तर ठरतं. पण शंकराचार्य, रामानुज आणि मध्वाचार्य हे तिन्ही आचार्य ज्याचा अर्थ लावत बसले, ते मूळ आधी बघा. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, पाण्यात मीठ टाकायला सांगतो. सकाळी म्हणतो, आता ते मीठ काढून आण. मीठ सापडत नाही. मग वरचं, मधलं, खालचं पाणी चाखायला लावतो, सगळीकडे खारटच. तसंच परमतत्त्व दिसत नाही, पण सगळीकडे आहे. 'तत्त्वमसि', ते तूच आहेस, हे त्या अध्यायात नऊ वेळा येतं.

शंकराचार्य म्हणतात, दोन्ही एकच, वेगळेपण अज्ञानामुळे भासतं. रामानुजांच्या मते जीव हा ईश्वराचं जणू शरीर: वेगळा काढता येत नाही, पण विरघळतही नाही. मध्वाचार्य तर मोक्षानंतरही भेद मानतात.

आपल्याकडे गंमत वेगळीच. ज्ञानेश्वर पक्के अद्वैती, म्हणजे जीव आणि देव एकच मानणारे, तरी भक्ती सोडत नाहीत. आणि तुकोबा सरळ म्हणतात, ब्रह्मज्ञान नको, मी भक्त नि तू देव असंच राहू दे. मला विचाराल तर तुकोबांची ही मागणी तर्काने खोडता येत नाही, कारण ती तर्काने केलेलीच नाही.