सराव पेपर तपासताना स्वतःला फसवू नकोस

कॉलेज रोडच्या अभ्यासिकेत दिवसभर बसलास तरी वहीत फक्त वाचनाची मिनिटं मांड. चहाला खाली उतरलास की घड्याळ बंद.

एमपीएससीच्या राज्यसेवा पूर्व परीक्षेचा सामान्य अध्ययनाचा पेपर सोडवताना प्रत्येक उत्तराशेजारी तिथल्या तिथे खूण कर: 'ख' म्हणजे खात्रीचं, 'दो' म्हणजे दोनांतलं एक, 'ठो' म्हणजे अंदाजानं ठोकलेलं. नंतर करू म्हणशील तर उत्तरतालिका पाहिल्यावर सगळंच 'येत होतं' वाटतं! तिन्ही गटांचे गुण वेगळे काढ. बरोबरला 2, चुकीला अर्धा वजा. 'ठो'मधलं बरोबर आलेलंही न येणाऱ्यांतच धर, बहुतेक जण इथंच लबाडी करतात. 'ख'मधली चूक सर्वांत वाईट. तो धडा त्याच दिवशी मूळ पुस्तकातून वाच, नोट्स नकोत.